एक सूत

चनबसप्पा बडिगेरांच्या दुकानात, साखर पेठेत,
अकरा करवती खिळ्यांना टांगलेल्या
आणि बारावा खिळा रिकामा.
पहिल्या दिवशी मी विचारलं, यातली चांगली कुठली?
ते म्हणाले, कशासाठी?
म्हटलं, कापायला.
हसले नाहीत. सागाचा तुकडा हातात दिला,
म्हणाले, आधी वाच की.

त्या उन्हाळ्यात मी लाकडाच्या रेषा वाचायला शिकले.
रेषेबरोबर चिरत जायचं तर मोठ्या दात्यांची,
दाते पटाशीसारखे, समोरून खरवडणारे.
रेषा आडवी तोडायची तर तिरप्या धारेची,
जिचा प्रत्येक दाता सुरी असतो.
एकदा उलट केलंच.
एप्रिलची दुपार, डोक्यावर पत्रा,
मोठ्या दात्यांची घेतली आणि फळी आडवी कापली.
खालच्या अंगाला कुसळं उठली, गाढवानं चावल्यासारखी.
त्यांनी फळी फेकली नाही.
वर्षभर मी तिच्यावरच डबा ठेवून
शेंगाचटणी आणि भाकरी खाल्ली.

ओल्या बाभळीला दाते जास्त फाकवलेली,
नाहीतर पातं आत बसतं ते बसतंच,
उठ म्हटल्यावर चहा मागणाऱ्या पाहुण्यासारखं.
प्लायला बारीक, आणि रेषेवर चिकटपट्टी.
कुसू काढायला पाठीवर पितळी पट्टी असलेली, ताठ.
जुन्या चौकटीत खिळा दडलेला असतो, बोटानं चाचपून बघ,
नाहीतर संध्याकाळभर कानस घासत बस.
बोथट तर कुठलीच नको.
बोथट करवत जोर मागते,
आणि जोर आला की नजर जाते.

मग भद्रावती पेठेतून नरसव्वा कोंड्यालचा निरोप आला,
माग काढायचाय, करवत घेऊन या.
चनबसप्पांनी खांद्यावर पिशवी घेतली
आणि तिथं गेल्यावर फक्त लाकडी हातोडा काढला.
पाचरी ठोकून सैल केल्या, एकेक, उलट्या क्रमानं,
आणि सगळा माग खिळ्याशिवाय उभा होता तसा
करवतीशिवाय जमिनीवर आला.
राहिली एक तुळई.
बोळ वळतो तिथं ती वळेना.
सासऱ्यांनी माग आधी बसवला होता,
भिंत नंतर आली होती.

भाच्याकडे जाणार होती, अक्कलकोट रोडला.
चालवेल का माहीत नाही, नरसव्वा म्हणाली,
ठेवतो म्हणालाय.
चनबसप्पांनी लांब तिरपी रेघ आखली,
म्हणजे पुन्हा जोडताना लाकडाला लाकूड धरायला मिळेल,
आणि पिशवी माझ्यापुढे सरकवली.
तिरपी.
ना रेषेबरोबर, ना रेषेवर आडवी.
याचं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.
मी मोठी उचलली. ठेवली.
बारीक, तिरप्या धारेची घेतली,
अंगठ्याचं नख टेकवून पहिला ओढा मागे घेतला,
मग पात्याला त्याचं वजन वापरू दिलं.
पाऊण तास लागला.
मोठीनं दहा मिनिटांत झालं असतं
आणि एक सूत लाकूड भुशात गेलं असतं.

नरसव्वानं दोन्ही तोंडं जुळवून बघितली,
फटीत नख घालून बघितलं.
किती गेलं बाळ?
म्हटलं, अर्धं सूत.
एवढंच? ती हसली,
एवढं तर रोज फणीत तुटायचं.
मग पदरानं तुळईवरचा भुसा झटकला
आणि टेंपोवाल्याशी तेलुगूत भांडायला गेली.

दुकानात परत आल्यावर
मी पातं पुसलं, तेलाचं बोट फिरवलं,
आणि अंधारात चुकून
बाराव्या खिळ्याला टांगलं.
सकाळी चनबसप्पांनी बघितलं.
मी उठले, तर म्हणाले, राहू दे,
तो झाडू दे इकडं.